अपघातानंतर शिकोकूची वाट : पहिली अकरा देवळं

पहिला दिवस

जपानमध्ये ओसाकाहून शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाकडे जाणाऱ्या हायवे बसमध्ये मी मुद्दाम आतल्या बाजूची सीट घेतली. आकाशीचा पूल आला तसे सगळे खिडकीकडे वळले, १९९८ साली सुरू झालेला हा पूल, मधला गाळाच १९९१ मीटरचा, खाली निळंशार पाणी आणि बोटी, आणि मी आपली समोरच्या सीटची पाठ बघत बसले होते कारण शेजारच्या लेनमधून ट्रक जात होते. गेल्या हिवाळ्यात सायकलवरून ऑफिसला जाताना, सिग्नल हिरवा असताना, डावीकडे वळणाऱ्या एका गाडीने मला धडक दिली. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, हेल्मेटला आडवा तडा गेला, डोकं वाचलं. ऑपरेशन झालं, प्लेट बसवली, मग कुबड्या, मग रिहॅबमध्ये रोज तेच तेच गुडघा वाकवणं. परदेशात एकटं राहणारीला हॉस्पिटलच्या बेडवर रात्री काय काय वाटतं ते मी इथे लिहीत बसत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

पाय चालायला लागला तेव्हा माझ्या थेरपिस्टने सांगितलं की सपाट रस्त्यावर रोज दहा-बारा किलोमीटर चालायला आता हरकत नाही, आणि तीच म्हणाली, शिकोकूला जाऊन बघा ना. शिकोकू बेटावर ८८ देवळांची मोठी यात्रा आहे, पूर्ण केली तर बाराशे किलोमीटरच्या आसपास. कूकाई नावाचे बौद्ध आचार्य (७७४ ते ८३५), लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात, त्यांच्या नावाने ही वाट चालतात. पहिली दहा देवळं योशिनो नदीच्या उत्तरेला, बहुतेक सपाटीवर, एकापाठोपाठ आहेत, अकरावं नदी ओलांडून. तेवढं जमेल असं वाटलं.

खरं सांगायचं तर भक्तीबिक्ती काही मनात नव्हती. उलट त्या वर्षभरात ज्याने त्याने फोनवर हेच ऐकवलं होतं की देवाची कृपा म्हणून वाचलीस, आई तर कुलदेवीला बोललेला नवसही फेडून आली, आणि मला दरवेळी आतून राग यायचा. कारण मी जिथे पडले ना, त्याच कोपऱ्यावर एक छोटा दगडी जिझो आहे, म्हणजे एका बोधिसत्त्वाची मूर्ती, लाल आंगडं घातलेला, समोर कुणीतरी ताजी फुलं ठेवून जातं. इकडे रस्त्यावर कुणी गेलं की त्या जागी असा जिझो बसवतात. म्हणजे त्याच चौकात माझ्या आधी कुणाचं तरी माणूस गेलंय. मला वाचवलं ही कृपा असेल तर त्याच्या वेळी ती कुठे होती? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं आणि मी विचारणंही सोडून दिलं होतं.

बांदो स्टेशनवर उतरून पहिल्या देवळात, र्योझेन्जीला पोचले. तिथेच यात्रेचं सामान मिळतं. पांढरा सदरा घेतला, शिक्के घ्यायची वही घेतली (एका देवळाचा शिक्का आणि ब्रशने लिहिलेली अक्षरं, ५०० येन), नाव-गाव आणि मागणं लिहायच्या पांढऱ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि काठी घेतली. काठी महत्त्वाची. ती म्हणजे स्वतः कोबो दाइशी, तुमच्या शेजारून चालणारे. म्हणून मुक्कामाला पोचलं की आपले पाय धुवायच्या आधी काठीचं टोक धुवायचं. आणि पुलावर काठी टेकवायची नाही, कारण दाइशींना एकदा कुठेच आसरा मिळाला नाही तेव्हा ते पुलाखाली झोपले होते, वर ठकठक केली तर त्यांची झोपमोड होईल. दुकानातल्या बाईंनी हे इतक्या मनापासून सांगितलं की मी मान डोलावली. मला काठी हवी होती ती पायासाठी.

दुसरं देऊळ दीड किलोमीटरवर. वाटेत एका घरासमोर झाडू मारणाऱ्या आजींनी मला थांबवलं, आत गेल्या, आणि येऊन माझ्या हातात शंभर येनचं नाणं ठेवलं, चहा घ्या म्हणाल्या. मी नको नको म्हणत हात मागे घेतला तर त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, हे तुम्हाला नाही, दाइशींना आहे, याला नाही म्हणायचं नसतं. याला इथे ओसेत्ताई म्हणतात, वाटेवरच्या लोकांनी यात्रेकरूला काहीही देणं. घेणाऱ्याने हात जोडून घ्यायचं आणि बदल्यात आपली एक चिठ्ठी द्यायची, बस. वारीच्या वाटेवर गावोगावचे लोक वारकऱ्यांना बोलावून जेवू घालतात त्यातलंच हे, हे तेव्हा डोक्यात आलं, पण वारीत मी कायम बघणारीच होते, घेणारी कधी नव्हते. ते नाणं खर्च करवेना.

तिसरं देऊळ कोन्सेन्जी. इथे एक विहीर आहे. तिच्यात डोकावून आपला चेहरा नीट दिसला तर माणूस ९२ वर्षं जगतो आणि नाही दिसला तर तीन वर्षांत जातो अशी समजूत. बाकीचे लोक हसत हसत वाकून बघत होते, एक मुलगा तर दोनदा बघून आला. मी बाजूला उभी राहिले. या असल्या गोष्टींवर माझा अजिबात विश्वास नाही पण पाय पुढे पडेना. ज्या माणसाने एकदा डांबरावर पडल्या पडल्या गाडीचं चाक आपल्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबलेलं बघितलंय त्याला ९२ की ३ हा खेळ नाही वाटत. शेवटी गर्दी गेल्यावर काठावर दोन्ही हात ठेवून वाकले. आधी नुसता काळोख, मग वरच्या उजेडाचा तुकडा, आणि त्यात माझं डोकं, केस विस्कटलेले, कपाळ चमकतंय. पाणी जरा हललं की चेहरा मोडायचा आणि परत जुळायचा. मी कितीतरी वेळ बघत राहिले. त्या चेहऱ्याकडे गेल्या वर्षभरात आरशातसुद्धा इतकं धड बघितलं नव्हतं.

रात्री जवळच्याच एका घरगुती लॉजमध्ये राहिले. दारात बादली आणि फडकं ठेवलेलं होतं. काठी धुतली.

दुसरा दिवस

चौथं देऊळ दाइनिचीजी पाच किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत. चढ हलका आहे पण प्लेट बसवलेल्या पायाला तोही कळतो. तिथून दोन किलोमीटर उतरलं की पाचवं, जिझोजी.

नोव्हेंबर होता आणि जिझोजीच्या अंगणातलं गिंको झाड पूर्ण पिवळं झालं होतं. आठशे वर्षांपेक्षा जुनं झाड आहे म्हणतात. खाली पानांचा जाड थर आणि एक म्हातारे गृहस्थ ती पानं शांतपणे ढिगाला लावत होते, वरून पडतच होती. नाव सांगतंच तसं हे जिझोचं देऊळ. जिझो म्हणजे आपल्याकडच्या संस्कृत ग्रंथांतला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. त्याचं व्रत असं की नरकातला शेवटचा जीव सुटेपर्यंत मी बुद्ध होणार नाही. तो वाटसरूंचा, गर्भातच गेलेल्या बाळांचा, लहानपणी गेलेल्या मुलांचा सोबती.

मी पायरीवर बसले आणि चौकातल्या त्या लाल आंगड्याची आठवण आली. इतके दिवस मी त्याच्याकडे आरोप म्हणून बघत होते, बघा, याला नाही वाचवलं. पण ज्या कुणी तो तिथे बसवला त्याने आरोप म्हणून नव्हता बसवला. आपलं माणूस जिथे एकटं पडलं तिथे कुणीतरी त्याच्या सोबत थांबावं म्हणून बसवला. आणि थंडीतल्या त्या सकाळी मी त्याच कोपऱ्यावर पडले होते तेव्हा ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एक अनोळखी बाई रस्त्यावर गुडघे टेकून माझा हात धरून बसली होती, आपला कोट माझ्यावर घालून, हलू नका, मी आहे, हलू नका, मी आहे, एवढंच म्हणत. तिचं नाव मला माहीत नाही. कोट परत न्यायलाही ती थांबली नाही. कृपा कुठे होती असं मी वर्षभर विचारत होते आणि या बाईचा विचार त्या प्रश्नाच्या जवळपासही कधी केला नव्हता. कोण वाचलं आणि कोण नाही याचा हिशोब मला अजूनही लागत नाही, लागेल असंही वाटत नाही. पण सोबत होती. त्याच्याही वेळी कुणी असेल, नसेल तर आता तो दगडी जिझो आहे. जिझोजीच्या पायरीवर मी खूप रडले. पानं गोळा करणारे आजोबा जवळ आले, खराटा बाजूला ठेवून दोन पायऱ्या सोडून बसले आणि काही न विचारता बसून राहिले. मग उठून परत कामाला लागले.

सहावं आनराकुजी पाच किलोमीटरवर. हे औषध देणाऱ्या बुद्धाचं, याकुशीचं देऊळ, आणि इथे यात्रेकरूंसाठी राहायची सोय आहे, गरम पाण्याच्या कुंडासकट. पाय पाण्यात सोडला, ऑपरेशनची लांब खूण गुलाबी झाली. शेजारच्या काकू (त्या नाराहून आल्या होत्या, नवरा गेल्यानंतर दरवर्षी थोडं थोडं चालतात) खूण बघून फक्त म्हणाल्या, खूप सोसलंत. जपानमध्ये लोक खासगी प्रश्न विचारत नाहीत, त्याचा मला कधी कधी त्रास होतो, त्या दिवशी बरं वाटलं.

संध्याकाळी पाठ होता. सगळे मिळून प्रज्ञापारमिता हृदय सूत्र म्हणतात. चिनी अक्षरांतून आलेलं, जपानी उच्चारात, मला एक शब्द लागत नव्हता, आणि शेवटी एकदम ग्यातेई ग्यातेई हारा ग्यातेई. गते गते पारगते. अंगावर काटा आला. नंतर काकूंनी त्यांच्या काठीचा वरचा भाग दाखवला, त्यावर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली अक्षरं कोरलेली, कूकाई चीनमध्ये ही लिपी आणि मंत्र शिकून ८०६ साली परतले. चौकात पडल्यापासून मला हा देश परका वाटायला लागला होता, वर्षानुवर्षं इथे राहूनसुद्धा. त्या रात्री तसं वाटलं नाही.

तिसरा दिवस

सातवं जुराकुजी अगदी जवळ, आठवं कुमादानीजी चार किलोमीटरवर, दोन्ही पटकन केली कारण पायात जोर होता आणि मन नवव्याकडे लागलं होतं.

नववं होरिन्जी, भातखाचरांच्या मधोमध. इथला बुद्ध पहुडलेला आहे, महापरिनिर्वाणाच्या वेळचा, ८८ देवळांत मुख्य मूर्ती अशी फक्त इथेच. आणि इथे पायाचं दुखणं असलेले लोक गवताच्या चपला वाहतात. पायाने अधू असलेला एक माणूस इथे आल्यावर चालायला लागला अशी गोष्ट सांगतात. देवळात छोट्या मोठ्या किती चपला टांगलेल्या, काही जुन्या होऊन काळ्या पडलेल्या, काहींवर नावं. मी बोटभर लांबीची एक जोडी घेतली. बांधताना माझा पाय बरा होऊ दे असं मागायचं ठरवलं होतं, पण तो तर बराच झाला होता, सकाळपासून मी त्याच्यावरच चालत होते. मग शेजारच्या चपलेवरचं एका अनोळखी बाईचं नाव वाचलं आणि तिच्यासाठी मागितलं.

आता पत्राबद्दल सांगते. ज्यांच्या गाडीने मला धडक दिली ते सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. अपघातानंतर ते हॉस्पिटलमध्ये आले होते, इकडच्या रीतीप्रमाणे मिठाईचा डबा घेऊन, आणि इतके खाली वाकले की डोकं बेडच्या कडेला लागलं. मी एक शब्द बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. पुढे सगळं इन्शुरन्सवाल्यांनी बघितलं. मग त्यांच्याचमार्फत पत्र आलं, हाताने लिहिलेलं, की मी माझं लायसन्स पोलिसांकडे परत करून टाकलंय, तुमच्या पायाची रोज आठवण होते, उत्तराची अपेक्षा नाही. जपानमध्ये म्हातारी माणसं असं स्वतःहून लायसन्स परत करू शकतात, १९९८ पासून तशी सोय आहे, आणि शहराबाहेर राहणाऱ्याला ते किती जड जातं तेही सगळ्यांना माहीत आहे. ते पत्र महिनोन्‌महिने माझ्या बॅगेत होतं. फेकवत नव्हतं आणि उत्तरही सुचत नव्हतं.

दहावं किरिहाताजी डोंगरावर, ३३३ पायऱ्या. दर वीस पायऱ्यांना थांबत गेले, एक पाय वर, दुसरा त्याच्या शेजारी, रिहॅबमध्ये शिकवल्यासारखं, चांगला पाय आधी. या देवळाची गोष्ट मला आधी माहीत नव्हती, वरती एका पाटीवर वाचली. खालच्या गावात एक मुलगी मागावर कापड विणायची. कूकाईंचे कपडे फाटले होते म्हणून त्यांनी एक चिंधी मागितली, तर तिने विणत असलेलं कापडच मध्ये कापून दिलं. जरासुद्धा विचार न करता. ती मुलगी पुढे कान्नोन झाली, म्हणजे अवलोकितेश्वराचं रूप. तिची मूर्ती आहे तिथे, एका हातात कात्री, दुसऱ्या हातात कापड.

माग चालू असताना कापड मध्ये कापणं म्हणजे काय ते ज्याने माग बघितलाय त्याला कळेल. सगळी मेहनत वाया. तिने समोरचा कोण, त्याची लायकी काय, हे विचारलंच नाही. मी त्या मूर्तीसमोर उभी होते आणि माझ्या खिशात आजींचे शंभर येन होते आणि घरी कपाटात त्या अनोळखी बाईचा कोट, यातलं काहीही मी कमावलेलं नव्हतं. आणि बॅगेत एका माणसाचं पत्र, ज्याने माझ्याकडे काही मागितलंसुद्धा नव्हतं. मी एक पांढरी चिठ्ठी काढली. माझं नाव लिहिलं, आणि मागण्याच्या जागी त्या गृहस्थांचं नाव लिहून पुढे लिहिलं, यांना रात्री झोप लागू दे. चिठ्ठी पेटीत टाकली. असं काही करेन हे खालच्या पायरीवर असतानाही मला माहीत नव्हतं. राग होता तो कुठे गेला, कधी गेला, मला सांगता येणार नाही, मी तो घालवला नाही एवढं नक्की.

वरून योशिनो नदीचं अख्खं खोरं दिसतं आणि पलीकडे उद्याचे डोंगर. देवळं पाचला बंद होतात, शिक्का घेतला आणि उजेड आहे तोवर उतरले. उतरणं चढण्यापेक्षा कठीण.

चौथा दिवस

दहा ते अकरा, नऊ किलोमीटर, आणि मध्ये नदी. योशिनो नदी १९४ किलोमीटर लांब, इथे तिच्या पात्रात मोठं बेट आहे, वस्ती नाही, नुसती शेती. बेटावर जायला आणि बेटावरून निघायला पाण्यात बुडणारे पूल आहेत. म्हणजे मुद्दाम खूप खाली बांधलेले आणि कठडा नसलेले, पूर आला की पाणी आणि वाहून येणारी झाडं वरून निघून जावीत, पूल तुटू नये म्हणून. आणि या पुलांवरून गाड्याही जातात.

पहिला पूल कसाबसा पार केला, कुणी नव्हतं. दुसऱ्या पुलावर मध्यापर्यंत आले आणि पलीकडून एक छोटा पांढरा पिकअप ट्रक पुलाकडे येताना दिसला. माझे पाय जागच्या जागी थांबले. थांबले म्हणजे खरंच, मेंदू सांगत होता बाजूला हो आणि शरीर ऐकत नव्हतं. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, धरायला काही नाही. आणि हात आपोआप काठी टेकवायला गेला, अख्ख्या यात्रेत तिची गरज कुठे असेल तर ती इथेच होती, आणि नेमकं पुलावर टेकवायची नाही. काठीचं टोक काँक्रीटपासून चार बोटांवर होतं. कुणी बघत नव्हतं, टेकवली असती तरी चाललं असतं, आणि इतके दिवस मी हे सगळं त्यांचं त्यांचं आहे म्हणूनच पाळत होते. पण त्या क्षणी मला अगदी खरंखुरं वाटलं की खाली कुणीतरी झोपलंय. मी काठी उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरली.

ट्रक पुलावर आलाच नाही. पलीकडच्या टोकाला कडेला घेऊन उभा राहिला आणि इंजिन बंद झालं. बंद झालेलं मला ऐकू आलं, कारण त्यानंतर पाण्याचा आवाज आला. मी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. काठीशिवाय, लंगडत, खूप वेळ लागला असणार. ट्रकमधल्या काकांनी एकदाही घाई केली नाही, हॉर्न नाही, हाताची खूण नाही. मी पोचले तसे ते खाली उतरले, टोपी काढली आणि मागच्या क्रेटमधून ओंजळभर संत्री काढून दिली. मी हात जोडून घेतली, चिठ्ठी दिली. त्यांनी विचारलं, पाय दुखतोय का? मी म्हटलं, गाडीने धडक दिली होती. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, आज रस्ता तुमचा आहे, सावकाश जा.

एक संत्रं तिथेच बांधावर बसून खाल्लं. आंबट होतं, बियांचं, फार छान होतं.

अकरावं फुजिइदेरा दुपारी गाठलं. देवळाच्या मागून बाराव्याची वाट सुरू होते, तेरा किलोमीटरच्या आसपास आणि सगळा डोंगर, धडधाकट माणसांनाही घाम फोडणारी. दोन तरुण मुलं बुटांच्या नाड्या आवळून निघाली, मी त्यांना वाटेकडे वळेपर्यंत बघितलं आणि शिक्का घ्यायला गेले. यावेळी एवढंच.

कामोजिमा स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसून पत्राला उत्तर लिहिलं, माझ्या जपानीत, दोनदा खाडाखोड करून. पाय चालतोय, तीनशे तेहतीस पायऱ्या चढले, दहाव्या देवळात तुमचं नाव लिहिलं. आणि शेवटी विचारलं की आता गाडी नाही तर तुम्ही बाजारहाट कसा करता, कुणी आहे का सोबतीला?

मग आईला फोन लावला. पूल, काठी, संत्री सगळं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आता तू नमस्कार करतेस. म्हटलं, हो, करते. मग तिने बारावं देऊळ किती उंच आहे ते विचारलं, वसंतात थंडी किती असते ते विचारलं, आणि पासपोर्ट कुठे ठेवलाय ते बाबांना ओरडून विचारायला लागली, तेवढ्यात गाडी आली.